मिरजेपर्यंत पोचवणारे तात्या

आमच्या गल्लीतलं कोणी परगावी निघालं की तात्या त्याला स्टेशनवर निरोप देत नाहीत. ते सरळ त्याच्याबरोबर गाडीत चढतात आणि मिरजेला उतरतात. तिकीट स्वतःचं काढतात. परत एसटीनं येतात.

"पावण्याला वेशीपातूर पोचवायचं असतं," ते सांगतात. "कोल्हापूरची वेस कुटं ऱ्हायलीया आता? म्हणून मिरज."

मागे समोरच्या घरातलं नवं जोडपं म्हैसूरला निघालं, तेव्हा तात्या भडंगाची पिशवी घेऊन दोघांच्या मधोमध बसले. नवरा मिरजेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. नंतर कोणीतरी टोकलं, तर तात्या म्हणाले, "पोरीसंगं म्हायेरचं कोण नगं व्हय?" पोरीचं माहेर मलकापूरचं. तात्यांचं तिच्याशी काही नातं नव्हतं.

शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालेला हा माणूस रेल्वेनं मिरजेच्या पुढे गेलेला नाही. पण उटीपर्यंतची रेल्वेवाट त्यांना पाठ आहे.

"मेट्टुपालयमला मोठी गाडी सोडायची. म्होरं डोंगरातली गाडी. दातेरी रूळ हाय. इंजिन मक्याचं कणीस खाल्ल्यागत एकेक दाणा धरत चढतंय. कुन्नूरला इंजिन बदलत्यात. मग केत्ती."

गाडी उटीपर्यंत जाते. तात्यांचं सांगणं अलीकडच्या केत्ती स्टेशनालाच थांबतं.

"सगळं पाठ हाय, मग जात का न्हाईसा?" असं चौकात कोणी डिवचलं, तर उत्तर ठरलेलं : "चढाला माजं वजन झेपायचं न्हाई रं."

यंदा एप्रिलमध्ये मी आणि बायको उटीला निघालो. तात्या रिवाजाप्रमाणे चढले. जयसिंगपूर गेलं तरी स्वेटर कुठल्या बॅगेत ठेवावा यावर त्यांचं बोलणं चालू होतं. मिरज आलं.

"तात्या, मिरज."

"दिसतंय की मला."

ते उठले नाहीत. गाडी हलली.

"आवं तात्या, उतरा की!" बायको ओरडली.

तात्यांनी खिशातून तिकिटं काढून माझ्या हातात दिली. आमच्याच गाड्यांची, पुढच्या डब्यातली, थेट मेट्टुपालयमपर्यंतची.

"सुनंदा केत्तीला असती," ते म्हणाले.

सुनंदा त्यांची एकुलती मुलगी. सात वर्षांपूर्वी परप्रांतातल्या मुलाशी लग्न करून गेली, एवढंच गल्लीला माहीत होतं. कुठे गेली, ते तात्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"ती निघाली तवा मी दार लावून आत बसलतो. स्टेशन ऱ्हाऊ दे, उंबऱ्यापातूर बी आलो न्हाई."

"तुम्ही येताय, हे कळवलंय तिला?"

"न्हाई. येऊ नगा म्हणली असती तर?"

बायकोनं त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली. त्यांनी ती घेतली, उघडली नाही. बाहेर उसाची शेतं मागे पडत होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते या रुळांवरून पुढे चालले होते, आणि खिडकीकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

ते माझ्याकडे वळले.

"केत्तीला माज्यासंगं उतरशील? उटीला जावा की मागनं. तिनं दार उघडंस्तवर थांब फकस्त."