मानूस म्होरं पायजे

निंगाप्पा अण्णांची सही हवी असेल तर आधी उभं राहावं लागायचं. समोर खुर्ची रिकामी असली तरी बसायचं नाही. अण्णा चष्मा पुसणार, हरभऱ्यातले खडे शोधावेत तसं तुमचं तोंड निरखणार आणि मग विचारणार, "राजीखुशीनं करतोयस न्हवं?" हो म्हणायला तुम्ही जरा जरी रेंगाळलात, की पेनाचं टोपण बसलं म्हणून समजा. एकदा बसलेलं टोपण त्या दिवशी पुन्हा निघत नसे.

राजारामपुरीत आमच्या गल्लीत अण्णांचं पोती-सुतळीचं दुकान होतं आणि समोर माझा नेट कॅफे. भाडेकरार असो, रजिस्टर लग्न असो की भावाभावांची वाटणी, साक्षीदार म्हणून खाली अण्णांची सही ठरलेली. नाव मराठीत, आडनाव कानडीत आणि खाली कागद संपेपर्यंत ओढलेली रेघ. असं अर्धं-अर्धं का, म्हणून मी एकदा विचारलं. "नाव मराठी शाळंत शिकलो, आडनाव बापाकडनं. दोघांचा बी मान ठिवाय नको?" दुसऱ्याचा कागद घेऊन कुणी आलं तर मात्र ते हातही लावत नसत. "ज्याचा कागद त्येनं यावं. मानूस म्होरं पायजे."

मला त्यांचं फार कुतूहल. गिऱ्हाईक नसलं की मी कॅफेच्या दारात उभा राहून त्यांचा हा सोहळा बघत असे. लोकांच्या तोंडात ते नेमकं काय शोधतात हे मला कधी कळलं नाही, पण त्यांना ते सापडायचं खरं.

एकदा उचगावचे एक घरमालक भाडेकरूला घेऊन आले. भाडेकरू कुठल्याशा बँकेत कारकून, करार टाइप केलेला. अण्णांनी तो सगळा मोठ्यानं वाचला, म्हणजे गल्लीनंही ऐकला. मग कारकुनाला उभं करून ठरलेला प्रश्न टाकला. तो म्हणाला, "हो... म्हणजे तसं..." टोपण बसलं. "तसं म्हंजे कसं, पावणं?" खोदून खोदून विचारल्यावर निघालं ते असं, की बायकोचे गुडघे दुखतात, खोली वरच्या मजल्यावर आणि तिला त्यानं ती दाखवलेलीच नाही. करार तिथंच मोडला. घरमालक भडकले. "मला सही करनारा पायजे हुता, पंचाईत करनारा न्हवं." अण्णा म्हणाले, "सही पेन करतंय. साक्ष मी देतो."

पण याच माणसानं एकदा स्वतःच्या लेकीसमोर टोपण लावलं होतं. गौरी त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं जातीबाहेरचा मुलगा पसंत केला आणि रजिस्टर लग्नाला साक्षीदार म्हणून बापालाच बोलावलं. अण्णा गेले. त्यांनी विचारलं आणि गौरीनं जराही न रेंगाळता हो म्हटलं. तरी अण्णांनी पेन खिशाला लावलं आणि ते घरी आले. साक्षीदार दुसराच कुणी झाला आणि गौरी नवऱ्याबरोबर बंगळूरला गेली. बायको आधीच वारली होती, त्यामुळे दुकानामागच्या खोलीत अण्णा एकटेच उरले. गल्लीत हा विषय कुणी काढत नसे.

पुढं फॉर्म ईमेलनं यायला लागले. गल्लीतली मुलं पुण्याला, दुबईला; त्यांची तोंडं लहानपणापासून बघितलेली, म्हणून त्यांच्यापुरता अण्णांनी आपला नियम सैल केला. तिकडून फॉर्म यायचा, इथं तो छापायचा, अण्णांची सही घ्यायची आणि स्कॅन करून परत पाठवायचा. हा हेलपाटा वाचावा म्हणून मी एक शहाणपणा केला. कोऱ्या कागदावर अण्णांची सही घेतली आणि स्कॅन करून कंप्युटरमध्ये ठेवून दिली. आता त्यांना नुसतं विचारायचं आणि सही फॉर्मवर चिकटवायची. पडद्यावर आपली सही बघून अण्णांनी तिला नमस्कार केला.

त्या दिवसापासून त्यांना नवा नाद लागला. संध्याकाळी रस्ता ओलांडून यायचे. "काय कंप्युटर," मला ते कंप्युटरच म्हणत, "आज कुठं गेलती माझी सही?"

"दुबईला."

"बघ की. मी जोतिबाच्या डोंगराम्होरं कवा गेलो न्हाय, आन् ही इमानाबिगर दुबईला." मग जरा थांबून, "पन तितं त्येला इचारलं का कुणी? राजीखुशीनं हाय का म्हणून?"

कंप्युटरला तसं विचारता येत नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते रुचलं नाही हे दिसत होतं.

आणि एक दिवस गौरीची मेल आली. तिची मुलगी अक्षता कोल्हापुरात कॉलेजला येणार होती. हॉस्टेलच्या फॉर्मवर स्थानिक पालकाची सही लागत होती. "अण्णांचं नाव घातलंय. आमचं तिथं दुसरं आहे कोण? त्यांची सही तुमच्याकडे असते असं ऐकलं. तेवढी चिकटवून पाठवा. त्यांना विचारू नका. पुन्हा नकार ऐकायची ताकद माझ्यात नाही." फॉर्म सगळा भरलेला होता. आईच्या जागी गौरीची सही होती, तीही स्कॅन करून चिकटवलेली.

चुटकीसरशी होण्यासारखं काम होतं. माऊस हातात घेतला, पण मन होईना. ज्यानं जन्मभर सगळ्यांना विचारलं, त्याला न विचारताच त्याची सही लावायची, तीही त्याच्या नातीच्या फॉर्मवर? मी कागद छापला आणि रस्ता ओलांडला.

अण्णांनी नेहमीसारखा मोठ्यानं वाचायला घेतला. 'विद्यार्थिनीशी नाते' इथवर आले आणि पुढचा 'आजोबा' हा शब्द त्यांनी मनातच वाचला. मी पेन पुढं केलं.

"पोरगी कुठं हाय?"

"बंगळूरला."

"मग न्हाय. तिचं तोंड कवा बघितलंय मी? मानूस म्होरं पायजे." त्यांनी टोपण लावलं. "आन् माझी ती सही कंप्युटरातनं काढून टाक."

मला संताप आला. म्हटलं, अण्णा, आता तरी हट्ट सोडा. ते सुतळीचा गुंडा करत बसले. म्हातारा सुधारायचा नाही, असं पुटपुटत मी परतलो, सही काढून टाकली आणि गौरीला झालं ते जसंच्या तसं कळवलं. तिचं उत्तर आलं नाही.

आठवड्याभरानं अण्णांच्या दुकानापुढं रिक्षा थांबली. एक मुलगी उतरली. तिच्या मागून गौरी उतरली, पण ती रिक्षाचा दांडा धरून रस्त्यातच उभी राहिली. मी फॉर्म घेऊन धावलो.

अक्षता दुकानात जाऊन उभी राहिली. अण्णांनी चष्मा पुसायला घेतला तो पुसतच राहिले. शेवटी म्हणाले, "राजीखुशीनं करतीस न्हवं?"

"हो अज्जा." मग तिनं मागं वळून आईकडं बघितलं. "आणि तुम्ही? अव्वानं विचारायला सांगितलंय. राजीखुशीनं करताय ना?"

अण्णांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी मान हलवली आणि सही केली. खालची रेघ कागद सोडून पोत्यावर गेली.

मी फॉर्म घ्यायला हात पुढं केला, पण अण्णा तो सोडेनात. त्यांचं बोट गौरीच्या सहीवर होतं.

"ही कुणी केली?"

"अव्वानं. बंगळूरमध्येच," अक्षता म्हणाली.

"कंप्युटरातली हाय. चालत न्हाय." त्यांनी त्या सहीवर आडवी रेघ मारली. मग रस्त्याकडं न बघता, पण रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बोलव तिला आत. मानूस म्होरं पायजे."

गौरी आली आणि जुन्या सवयीनं त्यांच्यासमोर उभी राहिली. अण्णांनी चष्मा पुसला नाही की काही विचारलं नाही. पेन उघडंच ठेवून त्यांनी समोरची खुर्ची तिच्याकडं सरकवली.

"उभी का ऱ्हायलीस? बस की."