लालबागची रास्पबेरी

तात्या पाटकरांनी मला फसवलं. डीप फ्रीझर मी दिला. कबूल केलेली रास्पबेरीची नवी जात त्यांनी दिलेली नाही.

आमच्या लालबागच्या चाळीत भर मे महिन्यात कानटोपी घालणारा हा एकच माणूस. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत शिपाई होते. आता निवृत्त, एकटे. हिमालयातल्या वरच्या गावांत तगेल अशी रास्पबेरी ते एका खोलीत तयार करतायत. हिमालय पाहिलेला नाही.

"पाहायला कशाला हवा? थंडी समजली म्हणजे झालं."

मी जुन्या फ्रिजांचा धंदा शून्यातून उभा केला. फुकटात कुणाला बर्फही देत नाही. सौदा साफ होता: फ्रीझर माझा, खटपट तात्यांची, नव्या जातीला नाव माझ्या आईचं. सुलोचना. जन्मभर चाळीतल्या एकट्यादुकट्यांना डबे पोचवून ती गेली. तिचं नाव कुठल्या पाटीवरसुद्धा नाही.

काम मात्र बघत बसावं असं. काचेच्या दाराचा एक फ्रिज, आत पांढरी फुलं. एका झाडाचा पराग तात्या कुंचल्याने दुसऱ्याच्या फुलावर टेकवतात. दार उघडलं की गार धुकं पायांवर उतरतं आणि बाहेरचे हॉर्न दूर कुठेतरी जातात. मला दुकान उघडायचंय हेही मी विसरतो. पुढे बियांची रोपं होतात, ती फ्रीझरमध्ये जातात. जगेल ते ठेवायचं, बाकी फेकायचं. नियम त्यांनीच सांगितलेला.

पाच वर्षं मी विचारतोय, "कुठवर आली जात?"

"थंडी सोसू दे रे तिला. घाई कसली?"

परवा दुपारी न सांगता गेलो. फ्रीझर सताड उघडा, आणि तात्या अर्धमेली रोपं बाहेर काढून टॉवेलात गुंडाळतायत! गॅलरीत मच्छरदाणीखाली तसलीच चाळीसेक.

"अहो, मरायच्या आत बाहेर काढलीत तर कणखर कुठलं ते कळणार कसं?" मी ओरडलो.

"नाही कळत," तात्या खाली बघत म्हणाले.

मी एक कुंडी उचलली. चिठ्ठीवर सुलोचना. दुसरीवर सुलोचना. सगळ्यांवर.

"नाव आधीच कशाला दिलंत?"

"सौदा झाला त्याच दिवशी दिलं. मग फेकवेना." त्यांनी कानटोपी काढली. "तापाने पडलो होतो तेव्हा महिनाभर तुझ्या आईचाच डबा येत होता. पैसे मागितले नाहीत रे तिने. तुला कुठे ठाऊक असणार."

मला ठाऊक नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही, आणि तात्यांनीही एवढी वर्षं तोंड उघडलं नाही. असं आणखी काय काय दडवून ठेवलंय, तात्या? मी उद्या येतोय. सगळं सांगायचं.