खडीची पाळी

"आमच्या इमारतीमागे पायऱ्या आहेत की!" फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी एवढं एकच वाक्य बोललो. माझा गुन्हा असेल तर एवढाच. पुढे जे झालं त्याला इतर लोक जबाबदार आहेत, आणि मी ते नावानिशी सांगणार आहे. का सांगू नये?

आमची तिघांची टोळी आहे. केटिल, वेगार्ड आणि मी. एकोणीस वर्षं आम्ही दर हिवाळ्यात स्कीवरच्या कसरतींची फिल्म काढतोय. नोव्हेंबरात ती शाळेच्या हॉलमध्ये दाखवतो, तेव्हा आमचं निम्मं ट्रॉन्डहाइम शहर लोटतं (निम्मं म्हणजे साठ-सत्तर माणसं). केटिल उड्या मारतो, वेगार्ड उड्या मारतो. आणि मी? मी फावडं मारतो. उरलेल्या वेळात कॅमेरा धरतो. एकोणीस फिल्मांत माझा एकही शॉट नाही. एकदा माझी सावली आली होती, तीही केटिलने कापली.

यंदा वेगार्डच्या गुडघ्याने राजीनामा दिला, म्हणून विसावी फिल्म शेवटची असं ठरलं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"या वेळी एक शॉट माझा," मी म्हणालो. "नाहीतर तुमचं फावडं तुम्ही मारा!"

केटिल म्हणाला, "बरं बाबा, एक शॉट तुझा. शब्द दिला. पण जागा तू शोधायचीस."

आणि मी ते वाक्य बोललो.

आमच्या मागच्या बाजूला बावीस पायऱ्या आहेत, त्यांना लोखंडी कठडा. वरच्या अंगणातल्या उतारावरून सुसाट यायचं, पायऱ्यांच्या तोंडाशी बर्फाच्या उंचवट्यावरून उडायचं, कठड्यावर आडवं उतरायचं आणि घसरत खाली जायचं. सात सेकंदांचं काम. दुसऱ्यांचं बघून बघून मला ते पाठ झालं होतं. (पोहणंही मला असंच पाठ आहे.)

अडचण एकच होती. बर्फच नव्हता! पंधरा दिवस पाऊस पडून आणि गोठून अंगणाची नुसती काच झाली होती. मग स्केटिंगच्या आइस-रिंकमागे यंत्राने खरवडलेल्या बर्फाचा ढीग पडलेला असतो, तो केटिलच्या व्हॅनमधून आणला. नऊ खेपा. नऊही खेपा कोणी भरल्या, हे सांगायला नको. मग बर्फ कडक व्हावा म्हणून त्यावर मीठ मारलं.

"घरातलं मीठ कुठे गेलं?" राग्नहिल्डने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"कलेच्या कामी आलं."

त्या दिवशी मासे अळणी झाले आणि सगळे मलाच खावे लागले.

आता एक सांगायलाच हवं. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. निसरड्यावर कोणाची कंबर मोडू नये म्हणून मीच नियम केलाय. दर आठवड्याला एका घराने शनिवारी सकाळी नऊच्या आत अंगणात आणि पायऱ्यांवर बारीक खडी टाकायची. ज्याची पाळी, त्याच्या दाराबाहेरच्या खिळ्याला लाकडी फलक. गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या आस्लाउगआजींनी सव्वानऊला खडी टाकली, तेव्हा मी त्यांचं नाव नोटीस बोर्डावर लावलं होतं. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, कबूल आहे. पण नियम म्हणजे नियम! तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलतात.

शनिवार उजाडला. केटिल आणि वेगार्ड खाली कॅमेरा लावून बसले आणि मी वर बेडरूममध्ये पँटच्या चेनशी झुंजत होतो. पँट मी चोविसाव्या वर्षी घेतलेली, जांभळी. तेव्हा ती ढगळ होत होती. राग्नहिल्ड मेणबत्तीचा तुकडा आणि पक्कड घेऊन गुडघ्यांवर बसली होती.

"श्वास आत घे."

"घेतलाय."

"मग हे काय आहे?"

"तो मी आहे!"

इतक्यात तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. "अगंबाई, पावणेनऊ!" म्हणत ती पक्कड टाकून उठली आणि बाल्कनीतली बादली घेऊन चालायला लागली.

"अगं, बादली घेऊन कुठे निघालीस? इथे माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"तुझ्याच इज्जतीचा प्रश्न आहे म्हणून चाललेय," ती म्हणाली आणि गेली. ऐन मोक्याच्या क्षणी! माणसाने लग्न कशासाठी करायचं मग?

चेन मी एकट्याने लावली (तीन-चतुर्थांश). नऊ वाजून पाच मिनिटांनी उताराच्या टोकाला उभा राहिलो. गॉगलही वीस वर्षांपूर्वीचा, आत वाफ धरलेली. दिसत काहीच नव्हतं, पण ऊर भरून आला होता.

"तयार?" खालून केटिल ओरडला.

"तयार!"

निघालो. काय वेग म्हणता! आणि उंचवट्यावर चढतोय तोच पायांखाली कर्रर्र असा आवाज झाला. स्की जागच्या जागी थांबल्या. मी थांबलो नाही. बूट स्कीतून निघाले आणि मी हवेतून जाऊन कठड्यावर पोटावर पडलो, तसाच डोकं पुढे करून सगळा कठडा उतरलो आणि खालच्या बर्फात कमरेपर्यंत रुतलो. वाटेत कुठेतरी चेन सुटली.

"कोण? कोणी टाकली ही खडी?" मी बर्फ थुंकत ओरडलो. "सोडणार नाही मी त्याला! बोर्डावर नाव लावीन!"

आस्लाउगआजी खिडकीत कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या. वर पायऱ्यांच्या तोंडाशी राग्नहिल्ड आली. हातात रिकामी बादली.

"मी टाकली. पाळी आपली होती."

"आपली? फलक कुठाय?"

"दाराबाहेर. सोमवारपासून त्याच्यावर तुझी ओली टोपी वाळतेय. म्हटलं, सेक्रेटरीचंच नाव बोर्डावर नको." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "त्या उंचवट्यावर तर दोन मुठी जास्त टाकल्या. म्हटलं, घसरशील."

पुन्हा उडी मारायचीही सोय नव्हती. स्कीच्या तळांची किसणी झाली होती. केटिल कॅमेऱ्यावर डोकं टेकून हसत होता. वीस वर्षांची मैत्री!

"तो शॉट फिल्ममध्ये टाकलास तर तुझं तोंड बघणार नाही," मी त्याला बजावलं.

"एक शॉट मागितलास, एक शॉट दिला," तो डोळे पुसत म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द."

नोव्हेंबरात हॉलमध्ये तो शॉट तीनदा दाखवला, तिसऱ्यांदा संथ गतीने. केटिलच्या हवेतल्या कोलांट्यांना टाळ्या पडल्या, पण माझ्या शॉटला लोक उभे राहिले. शिट्टी कोणी मारली म्हणून वळून बघतो, तर आस्लाउगआजी!

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस बोर्डावर माझा फोटो. मी हवेत, स्की मागे उंचवट्यावर, चेन उघडी. खाली सुवाच्य अक्षरात, "खडीची पाळी नऊच्या आत पूर्ण केल्याबद्दल सेक्रेटरींचे जाहीर आभार. आस्लाउग."

मी फाडायला हात घातला, तोच मागून राग्नहिल्ड म्हणाली, "बोर्डावरचा कागद चौदा दिवस काढायचा नाही. नियम कोणाचा?"

आज तिसरा दिवस आहे. येणारा-जाणारा थांबून बघतो. मी रीतसर तक्रार करायचं ठरवलंय, पण तीही नियमानुसार लेखी करावी लागते, आणि सेक्रेटरीकडेच.