पत्ता अचूक

"बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नाही!"

हे वाक्य पोस्टमनकाका रोज एकदा तरी ऐकवत. निवृत्तीनंतर ऐकायला मुलगीच उरली होती. बायको असती तर तिने फाडकन उत्तर दिलं असतं. पण तिला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि घर इतकं गप्प झालं होतं की गळका नळसुद्धा सोबतीला बरा वाटे.

तिचं एक उत्तर मात्र शिल्लक होतं. घराच्या मागच्या भिंतीवर, उरलेल्या लाल रंगाने तिने एकदा चिडून लिहिलं होतं: 'इथे पोस्टमन राहतो. गावभर पत्रं वाटतो, बायकोला एक ओळ लिहीत नाही.' तेव्हा काका आठवडाभर फुगून बसले होते. आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या भिंतीसमोर बसत.

रंग उडू लागला तसे ते घाबरले. फोटो काढला, आणि बेतच आखला! गावातल्या भिंतींवरच्या आगाऊ ओळींची पोस्टकार्डं छापायची, पोस्टाच्या पायरीवर बसून विकायची. वाचनालयाची भिंत: 'शांतता राखा. आत कोणीच नाही.' पाणीपुरवठा कचेरीची: 'इथे रोज पाणी येतं. डोळ्यांत.' अशी अकरा, आणि बारावं बायकोचं.

"बाबा, कार्डाच्या मागे भिंतीचा पत्ता कशाला छापलात? आणि तोही पत्त्याच्या रकान्यात?"

"मग काय पत्त्याशिवाय कार्ड पाठवू? लोक काय म्हणतील!"

कार्डं हातोहात खपली. लोकांनी मित्रांना चार ओळी खरडल्या, पत्त्याचा रकाना भरलेला बघून 'वा, सोय झाली' म्हणत, तो कोणाचा हे न वाचताच तिकीट चिकटवलं आणि पेटीत टाकली. सगळी कार्डं इमानेइतबारे भिंतींच्या मालकांकडे पोचली! पाणीपुरवठ्याच्या साहेबांना एका आठवड्यात चाळीस आली. आणि काकांच्या दारात रोज बायकोचा टोमणा पडू लागला. काका प्रत्येक कार्ड उशाखाली ठेवत. मुलीला हसावं की रडावं कळेना.

साहेब मात्र भडकले. त्यांच्या तक्रारीवरून बाराही भिंती पुसायचा हुकूम निघाला, आणि यादी म्हणून त्याच बारा कार्डांचा संच रंगाऱ्याच्या हातात दिला गेला.

चुन्याची बादली घेऊन तो काकांच्या फाटकाशी उभा राहिला. "काका, असे चोख पत्ते आजवर कोणी दिले नव्हते. अकरा भिंती दोन दिवसांत उरकल्या!"

काका फाटकात आडवे उभे राहिले. "ही एवढी राहू दे रे. माझ्या बायकोचं अक्षर आहे."

रंगाऱ्याने बादली खाली ठेवली. भला माणूस होता. "एक करा. या कागदावर लिहून द्या, पत्ता चुकीचा आहे. सही करा. मी निघालो."

"लिहा बाबा!" मुलीने पेन हातात कोंबलं.

काकांनी कार्ड उलटं केलं. घर क्रमांक, गल्ली, पिनकोड. बत्तीस वर्षांची सवय हाताला खोटं लिहू देईना. त्यांनी लिहिलं: 'पत्ता अचूक.' खाली झोकदार सही.

"बाबा! हे काय केलंत?"

काकांनी कागद वाचला आणि मटकन खाली बसले. रंगाऱ्याने मान खाली घालून चुन्याचे दोन हात मारले. भिंत पांढरी फटक झाली. त्या दुपारी काका जेवले नाहीत.

संध्याकाळी मुलगी मागे गेली तर काका हातात ब्रश घेऊन उभे. माळ्यावरचा तोच लाल डबा, तळाला चिकट झालेला. भिंतीवर वाकडंतिकडं लिहिलं होतं: 'चुकलो. ही घे एक ओळ.' आणि खाली घर क्रमांक, गल्ली, पिनकोड.

"बाबा, पत्ता पुसा! रंगारी उद्या परत येईल!"

"येऊ दे," काका डोळे पुसत म्हणाले. "पत्त्याशिवाय तिला पोचणार कशी?"