पिल्लू न विकणाऱ्या माणसाचं प्रकरण

नागपूरच्या बेसा भागातल्या एका नव्या ले-आउटमध्ये अव्वल दर्जाची गुप्तहेर राहते, हे अजून कोणालाही माहीत नाही. माझ्या गुप्ततेचा याहून मोठा पुरावा काय असणार. नाव अश्लेषा. शिक्षण एम.एस्सी., रसायनशास्त्र. मुलीच्या कपाळाला हात लावून मी ताप पॉइंटसकट सांगते, आणि बेल किती वेळ दाबली यावरून कुरिअरवाल्याचा स्वभाव. माझा साहाय्यक विहंग हा माझा नवराही आहे. तो हिंगण्याला कंपनीत जातो. पगार कंपनी देते, काम मी देते.

प्रकरण सुरू झालं ते आमच्या रितिकामुळे. वय सहा. आमच्या आजूबाजूला प्लॉट भरपूर, घरं कमी, आणि तिच्या वयाची मुलं एकही नाही. एका संध्याकाळी ती शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर विटा ओळीत मांडून त्यांची हजेरी घेताना दिसली. एक वीट गैरहजर होती आणि पोरगी खरोखर काळजीत होती. मी घरात येऊन विहंगला सांगितलं, आपण कुत्र्याचं पिल्लू आणतो आहोत. त्याने चहा खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं.

हुडकेश्वरच्या पुढे बाबाराव नावाचे गृहस्थ लॅब्रॅडोर पाळतात, असं कळलं. रविवारी गेलो. अंगणात सहा पिल्लं लोळत होती. त्यातलं नाकाला माती लागलेलं एक रितिकाच्या फ्रॉकची झालर चावायला लागलं.

"हाच," ती म्हणाली. तिच्या बाजूने व्यवहार संपला. मी निरीक्षणासाठी गेटजवळच थांबले होते.

विहंगने पाकीट काढलं.

"पैसे खिशात ठेवा," बाबाराव म्हणाले. "आज नाही देत मी. आठ आठवडे होऊ द्या, बारा दिवस बाकी आहेत. आन् तवा बी देईनच असं नाही. पाहू."

माझे कान टवकारले. सीताबर्डीच्या फुटपाथवर मोजेवालासुद्धा मागे धावत येतो, आणि हा माणूस येणारे पैसे परत खिशात घालायला लावतो. निष्कर्ष उघड होता: पिल्लं याची नाहीतच. चोरीची आहेत.

मी कडक आवाजात विचारलं, "यांची आई कुठे आहे?"

बाबारावांनी शीळ घातली. मागून एक भली मोठी पिवळी कुत्री आली आणि सहाही पिल्लं तिला लोंबकळली. पुढच्या तपासाची गरज उरली नाही.

मग त्यांनी लसीकरणाचं कार्ड दाखवलं, आणि सोबत कुत्रीच्या कंबरेचा एक्स-रे; या जातीत कंबरेचं दुखणं पिल्लांत उतरतं म्हणे. माझी कंबर रितिकाच्या जन्मापासून दुखते, तिचा एक्स-रे आजवर कोणी काढलेला नाही. म्हणजे हा एक्स-रे बनावट, बहुधा एखाद्या माणसाचा. मी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"त्याला शेपूट आहे," विहंग हळूच म्हणाला.

दोन निष्कर्ष हातचे गेले. पण खरा धागा पुढे हाती लागला. बाबारावांनी मला एक छापील कागद दिला, स्वतः वही काढली आणि विचारायला लागले.

"दुपारी घरी कोन राहते? कंपाउंडची भिंत केवढी? गेटच्या खाली जागा किती? कूलर कोनत्या खिडकीत लावता? उन्हाळ्यात गच्चीवर झोपता का? दिवाळीले गावाले जाता? किती दिवस?"

नागपूरच्या कोणत्याही बाईला विचारा. कूलरमुळे उघडी राहणारी खिडकी आणि गच्चीवरची झोप, या दोन गोष्टी फक्त चोराला माहीत असाव्या लागतात. पिल्लू हे नुसतं आमिष होतं. आमच्यासारखी भोळी कुटुंबं इथे येतात, घराचा नकाशा सांगतात आणि दिवाळीला गावाला जातात.

मी प्रसंगावधान राखलं. "भिंत आठ फूट आहे. घर कधीच रिकामं नसतं. सासरे रिटायर्ड ठाणेदार आहेत. आणि आमच्याकडे आधीच एक मोठा कुत्रा आहे. चावतो."

विहंगने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. बाबारावांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं.

"ठीक आहे मॅडम. बुधवारी घर पाहाले येतो."

स्वतःहून सांगून येणारा चोर. किती ही हिंमत. तो छापील कागद मी बोटांचे ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून न उघडता प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला.

"तू काय करून राहिली, यार," परतताना विहंग म्हणाला. "पोरगी खुश होती."

बुधवारी बाबाराव आले. विहंगने सुट्टी घेतली होती. त्यांनी गाडी लावली आणि कमरेपर्यंत येणाऱ्या आमच्या भिंतीवर कोपर टेकवून थोडा वेळ उभे राहिले. मग वाकून गेटखाली मूठ घातली. मूठ आरपार गेली. मी खिशात फोन घट्ट धरला.

"ठाणेदार साहेब कुठं आहेत?" त्यांनी हॉलमध्ये बसत विचारलं.

माझ्या सासूबाई, प्रेमिलाबाई, पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "ते जाऊन चार वर्षं झाले. आन् ते पोस्टात होते. काहून वं अश्लेषा, पोलिसात कधी भरती झाले हे?"

मी पडद्याची घडी नीट केली.

"आन् तो चावणारा कुत्रा?"

रितिका सोफ्याच्या हातावर बसली होती. "काका, आमच्याकडे कुत्रा असता तर आम्ही तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

बाबारावांनी वही मिटली. "मॅडम, माफ करा. खोटं बोलनाऱ्या घरी मी पिल्लू देत नाही."

रितिकाला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग ती सोफ्यावरून उतरून आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. ती रडली असती तर मी काहीतरी केलं असतं.

"तुम्हीच सांगा आई," मी शेवटची झुंज दिली, "भिंत किती, कूलर कुठे, गावाला कधी जाता, असं भला माणूस विचारतो का?"

सासूबाईंनी चष्मा लावला, टीव्हीवरची माझी पुराव्याची पिशवी उचलली, फाडली, आणि कागद उघडून मोठ्याने वाचायला लागल्या. "'पिल्लू देण्याआधी आम्ही काय विचारतो, आणि का. भिंत: पिल्लू उडी मारून रस्त्यावर जाऊ नये म्हणून. कूलर: लॅब्रॅडोरला मे महिन्यात थंडावा लागतो म्हणून. गाव: तुमच्यामागे त्याला कोण पाहणार म्हणून.' सगळं लिहिलं आहे वं बाई. उघडून पाहाचं नाही का?"

"पिल्लांच्या पहिल्या खेपेले मी काहीच विचारलं नव्हतं," बाबाराव वहीकडे पाहत म्हणाले. "एका घरचे दिवाळीले गेले अन् पिल्लू गच्चीवर बांधून ठेवलं. चार दिवस. तवापासून विचारतो."

या प्रकरणात तपास माझा चालू होता, आणि मला सोडून सगळ्यांना ते कळलं होतं.

मी म्हटलं, "पुन्हा विचारा. खरं सांगते."

त्यांनी वही उघडली. मी सांगितलं. भिंत कमरेएवढी. दुपारी मी घरी असते. दिवाळीला चार दिवस सासूबाईंच्या माहेरी जातो, कुत्रा सोबत नेऊ. कूलर हॉलमध्ये.

"आणखी काही?"

"मला कुत्र्यांची भीती वाटते. फार."

विहंग वळून पाहायला लागला. आठ वर्षांच्या संसारात हे त्याला माहीत नव्हतं. सांगितलं ना, मी गुप्त राखते.

"मंग कशाले घेता?" बाबारावांनी विचारलं.

मी रितिकाकडे पाहिलं. ती आजीच्या पदराआडून ऐकत होती. "तिला कोणी नाही इथे," मी म्हटलं.

बाबारावांनी ते लिहिलं नाही. म्हणाले, "गेटखाली जाळी लावा. आन् जितके दिवस राहिले तितके दिवस रोज अर्धा तास माह्याकडं येऊन बसा. पोरगी नाही आली तरी चालते. तुमी या. शेवटच्या दिवशी सांगतो."

मी गेले. पहिल्या दिवशी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि पिल्लांना इंग्रजीत 'नो' म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी एक पाय खाली आला. पाचव्या दिवशी त्या मातीनाक्याने माझी चप्पल पळवली, आणि ती परत आणायला मी कुत्रीच्या अंगावरून हात घातला. घरी येऊन मी हे कोणालाच सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळेच गेलो. करारनामा दोन पानी होता: सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, बाबारावांकडेच परत आणायचं. मी दोन्ही पानं दोनदा वाचली, मागची बाजूही पाहिली. सही केली. बाबारावांची सही बाकी होती, आणि ते करत नव्हते. रितिका त्यांच्या पेनावरून नजर हलवत नव्हती.

"चल, ऊन वाढून राहिलं," विहंग मला म्हणाला. "तिकडे पिल्लाजवळ जाऊन उभी राहा तरी."

"मला उठता येत नाही."

"काहून?"

त्याने खाली पाहिलं. पिल्लू माझ्या पावलावर हनुवटी टाकून पसरलं होतं.

"अजून भीती वाटते?"

"वाटते ना," मी हळू आवाजात म्हटलं. "पण तो झोपला आहे."

बाबाराव माझ्या पायाकडे बघत राहिले. मग सही केली आणि कागद रितिकाच्या हातात दिला.

"घे वं माय. तुहा झाला. आता तो उठेपर्यंत बसा सारे, मी चहा ठेवतो."

तो सव्वा तास उठला नाही.