देवरावकाकांची जपानी खरेदी

औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात मेथीच्या जुडीपुढं कमरेत वाकून नमस्कार करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी दर रविवारी पाहतो, कारण त्याला माझ्याच स्कूटरवर बसवून न्यावं लागतं. हे आमचे शेजारी देवरावकाका. जिल्हा परिषदेतून रिटायर झाले, काकू गेल्या, आणि वेरूळला जपानी पर्यटकांना हिमरू शाली विकणाऱ्या एका दुकानदाराकडं यांनी जपानीची शिकवणी लावली. त्यालाही जपानी येतं ते दुकानापुरतंच!

"सुमिमासेन!" काका भाजीवाल्या कौसाबाईला हाक मारतात. म्हणजे माफ करा हं. मग वांग्याकडं बोट दाखवून, "कोरे वा इकुरा देस् का?" म्हणजे हे केवढ्याला?

"तुमचं देस् का गेलं चुलीत," कौसाबाई म्हणते. "वीस रुपये पाव. घ्यायचं तर घ्या, नाय तर सरका, मागं गिऱ्हाईक हाये."

"कुदासाई," काका दोन्ही हात पुढं करतात. कृपया द्या! अहो, मराठवाड्यात जन्मलेला माणूस वांगी घेताना घासाघीस करत नाही, म्हणजे काय? मी एकदा भांडलोच, तर म्हणाले, "त्या शालवाल्यानं भाव पाडायचं वाक्य शिकवलंच नाय ना रे." शिकवील कशाला तो?

सगळ्यात वाईट ते 'चोत्तो मात्ते कुदासाई'. जरा थांबा. मी स्कूटर चालू करून उभा, ऊन मी म्हणतंय, आणि हे तळहात वर करून चोत्तो मात्ते! डोकं असं सणकतं, काय सांगू.

परवा तर कहर झाला. आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी आठवड्यानं येतं. त्या दिवशी माणूस ताटावरून उठेल, पण मोटर सोडणार नाही. पाणी आलं, सगळी गल्ली धावली, आणि काकांची मोटर बंद! मी दार ठोकून ओरडलो, "काका, पाणी चाललं! हौद कोरडा राहील!"

आतून आवाज आला, "चोत्तो मात्ते कुदासाई!"

मग मात्र माझी सटकली. तसाच आत घुसलो.

काका फरशीवर गुडघे टेकून बसले होते. पुढ्यात डब्याला टेकवलेला मोबाइल, आणि त्यात एक चिमुरडी. त्यांची नात. मुलगा जपानला नोकरीला गेला, तिकडचीच बायको केली. पोरीला मराठीचा गंध नाही. तिनं खोक्यावर दुकान मांडलं होतं. एक केळं, एक खोडरबर, बापाचा मोजा.

"कोरे वा इकुरा देस् का?" काकांनी मोज्याचा भाव विचारला. तिनं काहीतरी सांगितलं. काका वाकले, तीही वाकली, आणि मोजा नाचवत खिदळली.

"एवढंच बोलता येतं रे मला तिच्याशी," काका माझ्याकडं न बघताच म्हणाले. "जिभेवर बसावं म्हणून बाजारात घोकतो. दुकान बंद झालं की फोन बंद."

माझा राग कुठल्या कुठं गेला. गुपचूप मागं गेलो, त्यांची मोटर चालू केली, पाइप हौदात सोडला.

आत केळं, खोडरबराचाही भाव विचारून झाला, आणि पोरगी दुकान आवरायला लागली असावी. काकांचा आवाज आला. कौसाबाईपुढं कधी ऐकला नव्हता इतका काकुळतीचा.

"मो हितोत्सु कुदासाई."

अजून एक द्या. केळं, खोडरबर, मोजा, सगळं तर त्यांनी घेऊन टाकलं होतं.