भरतीला डाउनलोड, सुकतीला डिलीट

आमच्या शेजारचे आबा मयेकर समुद्राला भरती असल्याशिवाय फोनवर कुठलंही ॲप उतरवून घेत नाहीत.

"पाणी भितर येता तेवाच वस्तू भितर येता," हे त्यांचं म्हणणं. "सुकतीक डाउनलोड लावलंस तर अर्ध्यार अडाकतला."

सुकती म्हणजे ओहोटी. ती वेळ आबांनी फोन रिकामा करण्यासाठी राखून ठेवलेली आहे. सकाळी सकाळी आलेली गुलाबाची फुलं, लांबलांबच्या नातेवाईकांच्या वाढदिवसाचे केक, कुणीतरी पुढे ढकललेले औषधी काढे, सगळं सुकतीला पुसायचं. "पाण्याबरोबर सोडून दे. आपसूक जाता," असं म्हणत ते खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून एकेक फोटो अंगठ्याने ढकलत असतात.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते आणि डाउनलोड टॉवरमुळे, हे मी आबांना एकदा त्यांच्याच सारवलेल्या खळ्यात खडूने आकृती काढून समजावलं. आबांनी आकृती मनापासून पाहिली.

"टॉवर खंय आसा?"

"डोंगरार."

"आणि डोंगर खंय आसा?"

"हयसरच. दर्याच्या वर."

"मगे झाला तर!"

आबांच्या या "मगे झाला तर" पुढे कुणाचं काही चालत नाही. न्यायाधीशाने हातोडी आपटावी तसं ते म्हणतात आणि चहा प्यायला लागतात. मी खडू उचलून घरी आले.

अष्टमीच्या आसपासची भरती मंद असते, तेव्हा लहानसहान ॲप. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा फोनची सगळी सिस्टीम बदलणारं मोठं अपडेट. हे वेळापत्रक आता आमच्या अख्ख्या वाडीला पाठ झालं आहे. आबांचा एक मावसभाऊ दोडामार्गला काजूच्या बागेत राहतो. तिथे समुद्र नाही, मग त्याने काय करायचं, असं मी खवचटपणे विचारलं होतं. आबा म्हणाले, "तो माका इचारता. मी दर्या बघून सांगतंय." आणि खरोखरच त्या भावाचा फोन येतो आणि आबा उठून माडांपलीकडे पाणी बघून येतात.

मला राग कशाचा येतो, तर यातून कुणाचं काही बिघडत नाही याचा. उलट आबांकडून अपडेट करून घेतलेले फोन सुरळीत चालतात. कारण आबा आयुष्यभर मालवाहू बोटीवर होते आणि बोट बंदरातून सोडण्याआधी जेवढी तपासणी करायची तेवढी ते फोनचीही करतात. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. फोनमध्ये जागा मोकळी हवी. फोटो आणि नंबर आधी दुसरीकडे साठवून ठेवलेले हवेत; याला ते "नांगर टाकूचो" म्हणतात. काम चालू असताना फोनला हात लावायचा नाही. आता यातली कुठली गोष्ट मी वर्गात सांगत नाही? पण माझं ऐकतो कोण? श्रेय सगळं चंद्राला जातं.

एकदा मासे विकणारी पार्वती आपला फोन घेऊन आली. तिला विजेरीचं ॲप हवं होतं. आबांनी ते फोनमधल्या दुकानातूनच घेतलं, कारण कुणी पाठवलेल्या लिंकवरून काही घ्यायचं नाही हा त्यांचा कडक नियम. "अनोळखी माणसाकडसून मासो घेतंस काय?" असं त्यांनी पार्वतीलाच विचारलं. ती मासे विकणारी, ती काय बोलणार! मग ॲप उघडलं आणि त्याने परवानग्या मागायला सुरुवात केली. आधी ठिकाण, मग सगळ्यांचे नंबर. आबांचा चेहरा लाल झाला. ते सरळ फोनशी बोलू लागले.

"शिरा पडली तुझ्या तोंडार! उजेड पाडूक तुका पार्वतीच्या नणंदेचो नंबर कित्याक होयो रे?"

त्यांनी नकाराचं बटण असं दाबलं की पार्वती दचकली. ॲप पुसायला मात्र त्यांनी सुकतीची वाट पाहिली. तोपर्यंत पार्वती माशांची पाटी डोक्यावर घेऊन खळ्यात उभी होती आणि मांजरं तिच्याभोवती जमली होती.

तर असे हे आबा. घरात एकटे. सुलोचनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, ठाण्याला मुलाकडे आहेत. नातवंड झालं तेव्हा त्या तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. सूनबाईची नोकरी, पोराचं आजारपण, मग पोराची शाळा, असं करत ते तीन महिने अजून संपलेले नाहीत. रोज दिवेलागणीला काकींचा व्हिडिओ कॉल येतो. त्या वेळी आबांच्या घरी कुणी जायचं नाही, हे वाडीत न सांगता ठरलेलं आहे.

आबांची आणखी एक खोड म्हणजे घराला कुलूप नाही. कट्टा गावच्या बाजाराला गेले तरी दार सताड उघडं. कुत्री शिरतात, एकदा शेजारची गाय माजघरापर्यंत गेली होती. मी किती वेळा ओरडले असेन. आबा नुसते म्हणतात, "आसांदे."

गेल्या पावसाळ्यानंतर आबांच्या फोनवर एक सूचना येऊ लागली. व्हिडिओ कॉलचं ॲप यापुढे जुन्या सिस्टीमवर चालणार नाही. या महिन्यात सिस्टीम बदला. आबांचा फोन आबांसारखाच, कडा झिजलेला आणि काचेला तडा गेलेला. कट्ट्याच्या बाजारातल्या फोनवाल्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, की फोन म्हातारा आहे, एवढं मोठं अपडेट पेलेल असं नाही, मध्येच कायमचा बंद पडू शकतो, नवीन घ्या.

"बोट बुडल्याशिवाय खलाशी उतारना नाय," असं त्याला सांगून आबा परत आले.

मुलाला कळलं तेव्हा त्याने ठाण्याहून फोन केला. मी तिथेच होते, त्याचा आवाज खळ्यात ऐकू येत होता. "बाबा, पुरे झाला आता. नवीन फोन घेवक नको नि काय नको. ह्यो बंद पडलो काय मी येतंय, घराक कुलूप लावतंय आणि तुमका हंय घेवन येतंय."

मुलगा काही वाईट बोलत नव्हता. काळजीनेच बोलत होता. पण आबांनी फोन ठेवला आणि ते चहासुद्धा विसरले; मलाच करावा लागला. चहा घेता घेता म्हणाले, "पुनवेक उधाण आसा. त्या दिवशी लावया."

पौर्णिमेला शनिवार होता आणि माझी शाळा सकाळची. दुपारी मी पोचले तेव्हा पाणी माडांच्या मुळांना लागलं होतं आणि आबा स्वच्छ सदरा घालून तयार होते. नांगर टाकून झाला होता. बॅटरी शंभर. फोन पाटावर, पाटाखाली तांदळाची छोटी रास, शेजारी नारळ.

"आबा, ह्या काय?"

"गाऱ्हाणा घालूचा आसा. तू 'व्हय म्हाराजा' म्हण."

आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी दुजोरा द्यायचा. बाकीचे म्हणजे त्या दिवशी मी एकटी, बीएस्सी बीएड. आबांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या फोनाचा मोठा अपडेट लावलेला आसा."

"व्हय म्हाराजा."

"फोन म्हातारो, मालक म्हातारो. काय इडापिडा आसात ती दर्यापार कर, आणि ह्येका सुखरूप किनाऱ्याक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दुसऱ्यांदा माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

आबांनी बटण दाबलं. निळी रेघ हळूहळू सरकू लागली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. रेघ शेवटाला पोचली, फोन एकदा थरथरला आणि काळा झाला. तो पुन्हा सुरू होणार म्हणून मी हसून आबांकडे पाहिलं. तो काळाच राहिला.

बराच वेळ गेला. बाहेर पाणी मुळांपासून मागे सरलं. सुकती लागली होती, आणि ते आबांनीही बघितलं होतं. माझा हात आपोआप फोनच्या बटणाकडे गेला. आबांनी तो घट्ट धरला.

"हात लावू नको."

"आबा, बंद पडलो आसात तर?"

"रव गो जरा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, पडला बंद तर पडला. ठाण्याला जा. काकी तिथेच आहेत. एकटं राहून हा आटापिटा कशासाठी?

आबा समुद्राकडे बघत बोलू लागले, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे.

"मी बोटीर होतंय तेवा दर खेपेक घराक येतंय तर घर बदललेला. चूल हयसरची थंय. खिडकी नवी. पोरगो तर आयशीच्या पाठसून बघी, ह्यो कोण म्हणान. पयल्या खेपेक मी आरडाओरड केलंय. माझो पाट कोणी हलवलान? माझो पेटारो खंय? तिना पेटारो काढून दिलान. मगे माका समाजला. मी नसताना सगळा तिका चालवक होया, म्हणान तिना बदललान. दुसऱ्या खेपेपासून मी चार दिवस पावण्यासारखो रवलंय. कशाक हात लावूचो नाय. हळूहळू सगळा गावता." ते थांबले. "पण एक कधी बदाललान नाय. मी केवा येतलंय ता तिका ठावक नसायचा. आगाऊ कळवची सोयच नाय. तरी पण कधी इलंय तरी दार उघडा. अवंदा येतलंय म्हणान जाताना सांगलंय आणि इलंय नाय, तरी उघडाच. आता ती थंय आसा. आता माझी पाळी. कुलूप बघून ती परत गेली तर?"

ठाण्याहून काकी न कळवता येतील आणि कुलूप बघून परत जातील, हे होणार नाही हे आबांनाही माहीत होतं.

तेवढ्यात पाटावर उजेड पडला.

फोन जागा झाला होता, पण ओळखीचा वाटत नव्हता. सगळी चित्रं बोरांसारखी गोल झाली होती. अक्षरं मोठी. खालची चित्रं वर गेली होती, वरची कुठे गेली होती त्याचा पत्ता नव्हता. मी पुढे सरसावून कॉलचं ॲप शोधू लागले. आबांनी फोन माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि परत पाटावर ठेवला.

"आता दमान. आजच इलो तो घराक."

"पण आबा, सुकती लागली होती तेवा इलो तो," मी चिमटा काढलाच.

"उधाणाचा पाणी लगेच उतारता काय?" आबा म्हणाले. "मगे झाला तर!" आणि त्यांनी नारळ फोडला.

बोलता बोलता दिवेलागण झाली आणि मी उठायला विसरले. फोन अनोळखी आवाजात वाजू लागला. काकींचा चेहरा एका गोलात दिसत होता. आबांनी हिरव्या बटणावर अंगठा दाबला. काही झालं नाही. पूर्वी दाबायचं असायचं, आता सरकवायचं होतं. वर की बाजूला, कुणास ठाऊक. आबांच्या कपाळावर घाम आला. मी हात पुढे केला, पण त्यांनी मान हलवली. वाजणं थांबलं.

चार दिवस पाहुण्यासारखं राहणारा तो माणूस फोनकडे टक लावून बसला होता. पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी अंगठा टेकवला आणि अगदी हळू वर नेला, झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा.

"अवो!" काकींचा आवाज आला. "दार उघडा आसा मा?"

"आसा गो."

"मगे जेवक बसा."

आबा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे समोरासमोर दोन पाट मांडलेले होते. एका पाटावर त्यांनी पाण्याच्या लोट्याला टेकवून फोन उभा केला, नीट दिसतंय ना ते विचारलं आणि समोर आपलं पान वाढून घेतलं. पलीकडे ठाण्यात काकींनीही ताट घेतलेलं दिसलं. बांगड्याच्या तिकल्यात तिरफळं घातली की नाही यावरून दोघांचं लगेच वाजलं.

मी पाय न वाजवता बाहेर पडले. सवयीने दार ओढून घेतलं. दोन पावलं गेले, परत आले आणि ते पुन्हा सताड उघडं करून घरी गेले.